पॉइंट काढले म्हणून प्लगचा गॅप वाढवायचा का?

जुनंइंजिन
'चाळीसथाऊ' यांनी काल लिहिलंय: "जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की प्लगचा गॅप सरळ ४० थाऊ करा. पुस्तकातले २५ हे पॉइंटच्या जमान्यातले." (गॅप म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधली फट, जिथे ठिणगी पडते; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) वाचून गप्प बसवेना. नवखी माणसं हे वाचतात आणि तसंच करतात.

अहो, तुम्ही बदललंत काय? पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटर या ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला उघडझाप करणारा स्विच, आणि त्याचा कंडेन्सर काढून तिथे एक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलंत. ते कॉइलचा करंट चालू-बंद करतं. पॉइंटही तेच करत होते. ठिणगीची ताकद साठते कॉइलमध्ये, आणि कॉइल तीच जुनी ३ ओहमची. १२ व्होल्टला तिच्यातून ४ अँपिअर जाणार, स्विच कुठलाही लावा. मग वरचे १५ थाऊ ओलांडायला जोर कुठून येणार?

माझ्या गाडीला ३८ ठेवले होते. आयडलिंग सुरेख, सपाट रस्त्यावर तक्रार नाही. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग. कार्बोरेटर दोनदा खोलला, पेट्रोलची लाइन साफ केली. शेवटी कंटाळून प्लग २५ वर आणले आणि त्याच चढावर गाडी गुमान चढली. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबाखाली ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. घरापाशी उभ्या गाडीवर हे कळणारच नाही.

चाळीसथाऊ
"तेच करत होते" हे साफ चूक. सेल्फ मारताना पॉइंट हळू उघडतात, त्यांच्यातच ठिणगी उडते आणि कॉइलची ताकद तिथेच जाते. मॉड्यूल करंट एका झटक्यात तोडतं. पॉइंटची टाच (शाफ्टवर घासणारा भाग) झिजली की टायमिंग सरकतं ते वेगळंच. आणि जनरल मोटर्सने १९७५ च्या मॉडेलना एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) दिलं तेव्हा काही इंजिनांना ६० थाऊ गॅप सांगितला होता. त्या इंजिनिअरांना कळत नव्हतं का? माझी गाडी दोन वर्षं ४० वर चालतेय. तुमचा चढ तुमच्यापाशी ठेवा.

फिलरगेज
ते ६० पुढे ४५ वर आले, हेही लिहा ना. आणि त्यांनी नुसता स्विच बदलला नव्हता. कॉइल नवी, कमी ओहमची. डिस्ट्रिब्युटर कॅप रुंद केली, आतली टोकं लांब लांब ठेवली, म्हणजे ठिणगी शेजारच्या टोकावर जाऊ नये. आपली कॅप मुठीत मावते.

दुसरं, तुम्ही सगळे गॅप मोजता कशाने? वापरलेल्या प्लगच्या वाकड्या टोकाला आतून खळगा पडतो. चपटी पट्टी त्या खळग्याच्या दोन कडांवर टेकते आणि खरा गॅप ३० असला तरी २५ दाखवते. तारेचा गेज घ्या. किती वेळा सांगायचं!

रात्रपाळी
गॅपचं राहू द्या, रोटरचं बोला, म्हणजे कॅपखाली फिरून एकेका प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या तुकड्याचं. गॅप वाढवला की आधी मरतो तो रोटर. माझा भर पावसात, रात्री मेला. गाडी चालता चालता बंद, परत चालूच होईना. मॉड्यूलला शिव्या घातल्या, ते ठणठणीत होतं. हल्लीचे रिव्हेटवाले रोटर असतात ना, त्यात रिव्हेटमधून ठिणगी खाली शाफ्टला उतरते.

लालरोटर
काळा घेतलात म्हणून. लाल घ्या, विषय संपला.

रात्रपाळी
मेला तो लालच होता! रंग बघून माल घेऊ नका. तपासून घ्या: कॅप काढा, कॉइलकडून येणारी मधली वायर कॅपमधून ओढा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या जरा वर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पट्टीवर टपटप ठिणग्या पडल्या तर रोटर आतून फुटलाय. चांगल्या रोटरवर जास्तीत जास्त एखादी बारीक ठिणगी पडते.

लालरोटर
माझा लाल चार वर्षं चालतोय. तुमचा एक गेला म्हणून सगळे वाईट?

रात्रपाळी
एक नाही, तीन. तिन्ही डब्यात ठेवलेत. पावसात पाच तास उभं राहा, मग बोला.

जुनंइंजिन
भांडू नका, पण रात्रपाळींचा मुद्दा माझाच आहे. कॉइल ठिणगी पडेपर्यंतच व्होल्टेज चढवते. किती चढवायचं ते प्लगचा गॅप आणि सिलिंडरचा दाब ठरवतात. गॅप रुंद केलात की तो सगळा ताण रोटर, कॅप आणि वायरींवर. सेल्फ मारतानाचं चाळीसथाऊंचं म्हणणं मात्र बरोबर आहे, थंड इंजिन मॉड्यूलवर लवकर उचलतं. तेवढं मान्य. त्यासाठी ४० लागत नाहीत. दमदार कॉइल घातलीत, मॉड्यूलला ती चालते याची खात्री केलीत, वायरी-कॅप नव्या असल्या तर ३५ कडे जा. दोन-दोन थाऊंनी वाढवा आणि प्रत्येक वेळी चढावर पूर्ण दाबून बघा.

चाळीसथाऊ
तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या खात्रीसाठी आज मीटर लावला. दमदार म्हणून घेतलेली कॉइल ३.१ ओहमची निघाली. चढावर पाचव्यांदा दाबल्यावर एक धक्का जाणवला, तो आधीही येत असेल, मी रस्त्याचा समजत होतो. प्लग २८ वर आणलेत. रविवारी परत जाऊन बघतो. रोटर माझा काळा आहे आणि तो मी बदलणार नाही.