शब्दचर्चा : ‘करमणूक’, ‘विरंगुळा’ की नुसता ‘खेळ’?

मूळ प्रश्न (ऐरोली)

नमस्कार. प्रश्न शब्दांचा आहे, पण तो मैदानातून आलाय.

ऐरोलीत आम्ही काही जण महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी संध्याकाळी चार ते सहा खेळ घेतो. तीसेक जण जमतात. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंध, कुणी कर्णबधिर, कुणाला बौद्धिक अक्षमता, शिवाय त्यांची भावंडं आणि आसपासच्या सोसायट्यांतली पोरं. सगळ्यांत लहान गडी नऊ वर्षांचा, सगळ्यांत मोठे काका एकसष्टचे. पावसाळ्यात समाजमंदिरात कॅरम, पत्ते, गाणी. एरवी मैदानात लगोरी, क्रिकेट, रुमाल उचलणे.

जुना फलक फाटला, नवा करायचाय. जुन्यावर होतं, ‘दिव्यांग मुलांसाठी मोफत मनोरंजन कार्यक्रम’. गेल्या तीन वर्षांत या पाच शब्दांपैकी एकेक मला खटकत गेला, आता एकही पटत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

नौपाडा, ठाणे (निवृत्त मराठी शिक्षक)

ताई, आधी ‘मनोरंजन’ घेतो. मनोरंजन कुणीतरी करतं आणि कुणाचं तरी होतं. समोर रंगमंच, इकडे प्रेक्षक. ‘दिव्यांग मुलांचं मनोरंजन’ म्हटलं की मुलं बसलेली आणि कुणी जादूगार टोपीतून कबुतर काढतोय, हेच चित्र येतं. षष्ठीचा घोळ वेगळाच. ‘मुलांचा मनोरंजनाचा कार्यक्रम’ यात रंजन मुलांचं की मुलांकडून प्रेक्षकांचं, ते कळत नाही. तीन डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचे जे कार्यक्रम होतात, त्यांतल्या काहींत मी दुसरा अर्थच खरा झालेला पाहिलाय. मुलं नाचतात, पाहुणे डोळे पुसतात, भाषणं होतात, मुलं गाडीत बसून घरी जातात.

‘करमणूक’ मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्याच्या मागे ‘करमणे’ आहे. ‘मला करमतं’ या वाक्यात कुणी देणारा नाही. करमणं ज्याचं त्यालाच होतं, बाहेरून घालता येत नाही. आणि ‘करमत नाही’ हे एवढं घरगुती दुःख आहे की ते सांगायला वैद्यकीय शब्द लागत नाही. अडचण एवढीच की करमणूक कर आणि सरकारी पत्रकांमुळे हा शब्द नाटक-सिनेमाकडे सरकला.

‘विरंगुळा’ सुंदर आहे, पण ठाण्यात नि नवी मुंबईत ‘विरंगुळा केंद्र’ म्हटलं की ज्येष्ठ नागरिकांची बाकडी आणि वर्तमानपत्रं आठवतात. शिवाय विरंगुळा कामातून घ्यायचा असतो. दमलेल्याला विरंगुळा.

नेरूळ

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले. माझ्या दादाला डाउन सिंड्रोम आहे. त्याच्यासाठी असं काही शोधत होते तेव्हा एका नातेवाइकांनी विचारलं होतं, ‘त्याला काम कुठे आहे, मग विरंगुळा कशाला?’ दादा सकाळी आठला उठून आईबरोबर डबे भरतो, दुपारी कार्यशाळेत पाकिटं चिकटवतो, संध्याकाळी दमतो. तेव्हा विरंगुळा हा शब्द मला उलट हवासा वाटतो. त्यात त्याचं काम मान्य होतं.

पण मला बोलायचंय ‘मुलं’ या शब्दावर. दादा एक्केचाळीस वर्षांचा आहे. त्याचे केस पिकलेत. तरी विशीतली स्वयंसेवक मुलगी त्याला ‘बाळा, बॉल टाक’ म्हणते. तिच्या मनात माया असते, मला कळतं. पण तीच मुलगी बिल्डिंगमधल्या दुसऱ्या एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला ‘काका’ नाहीतर ‘दादा’ म्हणते आणि अहो-जाहो करते. मराठीत तू आणि तुम्ही यांत माणसाचं वय, मान, जवळीक सगळं येतं. अपंगत्व आलं की हा सगळा हिशेब पुसून सरसकट ‘अरे’ होतं.

त्याहून वाईट म्हणजे तृतीय पुरुष. दादा समोर उभा असतो आणि मला विचारतात, ‘याला पाणी हवंय का?’ हल्ली मी उत्तर देत नाही. दादाकडे बघते. तो सांगतो.

कळवा

मी व्हीलचेअर वापरतो. लहानपणी पोलिओ झाला. ‘दिव्यांग’ बद्दल लिहितो, कारण या चर्चेत तो येणारच.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणावं असं सुचवलं आणि पुढे सरकारी कागदांवर तोच शब्द रुळला. पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं. २०२२ मध्ये राज्यात वेगळा विभाग निघाला तोही दिव्यांग कल्याण विभाग. अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेक संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता, आणि तो माझाही आहे. माझ्या पायांत दिव्य काही नाही. पाय चालत नाहीत. मला दिव्यत्व नको, रॅम्प हवा, आणि तोही नियमाप्रमाणे एकास बारा उताराचा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा. आमच्याकडे कित्येक ठिकाणी तीन पायऱ्यांवर एक लादी टाकून रॅम्प म्हणतात. त्यावरून मी खाली येतो तो देवाच्या भरवशावर.

पण दुसरी बाजूही सांगतो. माझा चुलतभाऊ त्याच आजाराचा. त्याला ‘दिव्यांग’ आवडतो. गावात त्याला ‘पांगळ्या’ म्हणायचे, आता फॉर्मवर ‘दिव्यांग’ येतं, त्याला बरं वाटतं. त्याच्यापासून तो शब्द काढून घेणारा मी कोण? लोकलमध्ये आजही सगळे ‘हँडिकॅप डबा’च म्हणतात, मीही म्हणतो. म्हणून माझं मत असं की ज्याला जो शब्द चालतो तो त्याच्यापुरता वापरावा, आणि फलकावर कुठलाच नको.

रोजच्या मराठीबद्दलही एक. ‘लंगडी’ या खेळाच्या नावाने मला काही होत नाही. ‘आंधळी कोशिंबीर’नेही नाही. ‘लंगडी सबब’, ‘बहिरं प्रशासन’, ‘आंधळा कारभार’ वाचलं की मात्र लागतं. खेळात लंगडी घालणं हे कसब आहे. त्या वाक्प्रचारांत लंगडेपण म्हणजे खोटेपणा.

ऐरोली (प्रश्नकर्ती)

दादा, लादीच्या रॅम्पचं वाचून मी काल समाजमंदिराच्या दाराशी टेप घेऊन गेले. उंची सोळा इंच, उतार सात फुटांचा. सोळा फूट हवा. म्हणजे पावसाळाभर आम्ही तुमच्यासारख्या चार जणांना उचलून आत नेत होतो आणि त्यालाच ‘मदत’ म्हणत होतो.

वाशी

मी जन्मापासून अंध आहे. सूत्रसंचालन करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

‘बघ’ हा शब्द टाळू नका. आमच्यासमोर लोक अडखळतात, ‘हे बघ… म्हणजे… हे ऐक’. मी मॅच बघतो, सिनेमा बघतो, भाजीत मीठ किती ते चाखून बघतो. मराठीत ‘करून बघणे’, ‘विचारून बघणे’ आहेच, त्यात डोळ्यांचा संबंध किती?

टाळायचं असेल तर ‘तिकडे’ टाळा. ‘इकडे या’ चालतं, आवाज इकडून येतो. ‘तिकडे ठेवा’ म्हणजे कुठे? ‘उजव्या हाताला, दोन पावलांवर’ म्हणा. ‘घड्याळातल्या तीनच्या काट्यावर’ म्हटलं तर आणखी उत्तम. आमच्या क्रिकेटमध्ये सगळा खेळ शब्दावर चालतो. चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो, गोलंदाजी खांद्याखालून. गोलंदाज आधी विचारतो, तयार का? फलंदाज हो म्हणतो. मग चेंडू सोडताना ‘प्ले’ अशी हाक. ती हाक उशिरा आली तर नोबॉल. पूर्ण अंध फलंदाजाची धाव दुप्पट धरतात. ती कुणाची दया नाही, खेळाच्या नियमांतच तसं आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

घोडबंदर रोड, ठाणे (सांकेतिक भाषेची दुभाषी)

‘मूकबधिर’ लिहू नका एवढंच. कर्णबधिर व्यक्ती मुकी नसते, तिची भाषा हातात असते. ‘खुणा’ म्हटल्यानेही ती कमी होते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती मराठीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. आणि दुभाषी असेल तरच फलकावर ‘दुभाषी उपलब्ध’ लिहा. नसताना लिहिलेलं पाहून लांबून आलेली माणसं परत गेल्याचं मी पाहिलंय.

कोपरखैरणे

माझ्या मुलीला ऑटिझम आहे. मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात. शब्द ऐकायला गोड आहे, म्हणूनच तो फसवतो. स्वतःत मग्न असलेला माणूस समाधानी वाटतो. माझी मुलगी स्वतःत मग्न नसते. तिला स्पीकर, शिट्ट्या, पंख्याचा आवाज हे सगळं एकाच वेळी, एकाच ताकदीने ऐकू येतं आणि ती कान झाकून कोपऱ्यात जाते. लोक म्हणतात, ती आपल्याच विश्वात आहे. ती आपल्याच विश्वात असते, फक्त ते तिला फार मोठ्याने ऐकू येतं.

फलकावर ‘स्पीकर नाही’ एवढं लिहिलंत तरी मी येईन.

कळवा

कायद्याचं राहिलं. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्या कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दल आहे, कलम ३० खेळांबद्दल. करमणूक केंद्रांना चालना देणं, नृत्य, कलावर्ग, शिबिरं, साहसी उपक्रम यांत सहभाग मिळवून देणं, हे त्यात सरकारचं काम म्हणून सांगितलंय. म्हणजे रविवारचा खेळ हा उपकार नाही. ‘मोफत’ शब्द मला त्यासाठीच नको वाटतो. मैदान सगळ्यांनाच मोफत आहे, तिथल्या क्रिकेटच्या पोरांसाठी कुणी ‘मोफत’ लिहीत नाही.

ऐरोली (प्रश्नकर्ती)

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला एक शब्द आठवला, आणि तो आठवल्यावर दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. लिंबूटिंबू.

लहानपणी आपण सगळ्यांनी वापरलाय. काही जण कच्चं लिंबू म्हणतात. सगळ्यांत धाकट्या भावंडाला खेळायला घ्यावंच लागायचं, आई बजावून पाठवायची. मग आपण म्हणायचो, ‘हा लिंबूटिंबू’. तो पळतो, ओरडतो, पण त्याला आऊट केलं तरी तो आऊट नाही, आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. वर्तमानपत्रांत अजूनही दुबळ्या क्रिकेट संघांना लिंबूटिंबू म्हणतात.

त्या लहानग्याला ते आवडायचं, कारण ती दोन-तीन वर्षांची गोष्ट असते. पुढच्या उन्हाळ्यात तो ‘मी आता लिंबूटिंबू नाही’ म्हणून भांडतो आणि खरा गडी होतो. आमच्या मैदानात आम्ही काय केलं? एकसष्ट वर्षांच्या काकांना तीन वर्षं लिंबूटिंबू ठेवलं. त्यांची लगोरी पडली नाही तरी टाळ्या. ते हरले तरी बक्षीस. कॅरममध्ये त्यांची राणी त्यांच्याऐवजी स्वयंसेवक भोकात ढकलतो. आम्हाला वाटायचं, हा प्रेमळपणा आहे. गेल्या महिन्यात काकांनी एकदा सोंगटी परत काढून पट्टीवर ठेवली आणि म्हणाले, ‘ही गेली नव्हती.’

म्हणून वाशीच्या दादांचं ‘ते नियमांतच आहे’ हे मला एवढं पटलं. नियम बदला, पण सगळ्यांसाठी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मोठ्याने सांगून. आम्ही लगोरी आता जमिनीऐवजी स्टुलावर रचतो. सगळेच तिथे रचतात, व्हीलचेअरवाल्यालाही हात पुरतो. चेंडूला घुंगरू बांधलेत. आणि राज्य सगळ्यांवर येतं.

नौपाडा, ठाणे

‘राज्य येणं’ हा मराठी मुलांच्या भाषेतला प्रयोग किती नेमका आहे पाहा. खरं तर ज्याच्यावर राज्य तो त्या डावात एकटा पडलेला, सगळे त्याच्यापासून पळतात. तरी मराठीने त्याला राज्य म्हटलं. आणि राज्य कुणी ‘देतं’, कुणी ‘घेतं’, पण बहुतेक वेळा ते ‘येतं’. चकून, ठरल्याप्रमाणे.

‘साठी’बद्दलही सांगून टाकतो. ‘दिव्यांगांसाठी’ म्हटलं की एक देणारा, एक घेणारा. कळव्याचे दादा म्हणतात तसं नाव काढून टाकलंत तर ‘साठी’ आपोआप गळतो. सरकारी भाषेतला ‘लाभार्थी’ही जवळ येऊ देऊ नका. गडी म्हणा, भिडू म्हणा.

नेरूळ

भिडू! दादाला हा शब्द फार आवडेल. त्याला अमुक एकाचा भिडू व्हायचं असतं, आणि भिडू व्हायला दोघं लागतात.

ऐरोली (प्रश्नकर्ती)

मजकूर असा ठरतोय :

‘रविवारचे खेळ. दुसरा आणि चौथा रविवार, चार ते सहा. लगोरी, कॅरम, घुंगरूचा चेंडू. स्पीकर नाही. व्हीलचेअर मैदानापर्यंत येते. भिडू हवेत.’

‘दुभाषी उपलब्ध’ तूर्त लिहीत नाही. घोडबंदरच्या ताईंनी महिन्यातून एक रविवार यायचं कबूल केलंय, ते जमलं की रंगवून घेऊ. समाजमंदिराच्या रॅम्पसाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय, मोजमापासकट. तोवर पावसात कुठे बसायचं ते ठरलेलं नाही. तळमजल्यावर सभागृह असलेली सोसायटी ऐरोली-रबाळे भागात कुणाला माहीत असेल तर सांगा.

घोडबंदर रोड, ठाणे

येतेय चौथ्या रविवारी. तुमच्याकडच्या दोन कर्णबधिर मुलींनी ‘राज्य’साठी आपली आपण एक खूण ठरवलीय, मुठीवर तळवा ठेवून समोरच्याकडे वळवायचा. काकांना ती आधीच येते असं कळलं.