रक्तातील सोडियम कमी असताना मीठ कमी का करायचे?

प्रश्न:
माझ्या वडिलांना सिरॉसिस (यकृत कठीण होत जाण्याचा आजार) असून काही महिन्यांपासून त्यांच्या पोटात पाणी होत आहे. ताज्या तपासणीत रक्तातील सोडियम १२८ आले, म्हणजे १३५ ते १४५ या नेहमीच्या पातळीपेक्षा बरेच कमी. तरीही डॉक्टरांनी दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त सोडियम, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ, पोटात जाऊ देऊ नका असे बजावले आहे. घरातल्या मोठ्यांना मात्र ताकात थोडे जास्तच मीठ घालून द्यावेसे वाटते. मूत्रपिंडांच्या सोनोग्राफीत दोष नाही, मग हा प्रकार काय आहे?

उत्तर १:
मी फिजिशियन आहे. यकृत कठीण झाले की त्यात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो आणि नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांमुळे आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात. बरेचसे रक्त तिथेच रेंगाळते, धमन्यांतील भरणा अपुरा पडतो आणि शरीर रक्तस्राव झाल्यासारखे वागू लागते: रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही मीठ राखायला लावणारी द्रव्ये वाढतात व मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात. म्हणजे मूत्रपिंडे आज्ञा चोख पाळतात, आज्ञाच चुकीची असते. अशा आजारात निकामी झालेली मूत्रपिंडे दुसऱ्या रुग्णांत बसवल्यावर नीट काम करू लागली, हे १९६९ मध्येच दिसून आले आहे.

आता हिशेब पाहा. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे ८८ मिलिइक्विव्हॅलंट (सोडियम मोजण्याचे एकक; पुढचे आकडे याच एककात). आजार वाढल्यावर लघवीतून दिवसाला दहासुद्धा जात नाहीत, घाम व शौचातून आणखी दहाच्या आसपास जातात. उरलेले जवळपास सत्तर शरीरात राहतात. पोटातल्या एका लिटर पाण्यात सोडियम असते सुमारे १३०. म्हणजे पथ्य पाळूनही, औषध नसेल तर, दोन दिवसांत लिटरभर पाणी साठते. दहा ग्रॅम मीठ खाल्ले तर रोज लिटरभर. म्हणूनच पथ्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड ही लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी औषधे लागतात. रक्तातले सोडियम उतरते ते व्हॅसोप्रेसिन या पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकामुळे पाणी मिठापेक्षाही जास्त साठते म्हणून, शरीरात मिठाचा तुटवडा आहे म्हणून नव्हे. ताकातले जादा मीठ थेट पोटातच जाऊन बसेल.

उत्तर २:
आईच्या आजारपणात शिकलेले सांगते. वरून घेतलेल्या मिठापेक्षा पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ जास्त घात करतात. ढोकळ्यातला खायचा सोडा हेही सोडियमच. सैंधव म्हणजे आरोग्यदायी या समजुतीला फसू नका, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. बाजारातल्या ‘लो सोडियम’ मिठाबद्दल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय विचारही करू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना पोटॅशियम वाढणे हृदयाला धोक्याचे. आम्ही भाजीला लिंबू, कोकम, जिरे, मिरी वापरत असू. मात्र पथ्याच्या नावाखाली डाळ, दूध, अंडी बंद करू नका; या आजारात स्नायू आधीच झिजत असतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग पाणी पिणेही कमी करावे का? आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) ०.९ असल्याने निर्धास्त राहावे का?

उत्तर १:
पाण्यावर बंधन साधारणपणे सोडियम १२५ च्या खाली गेल्यावर घालतात, आणि तेव्हा लघवी वाढवणारी औषधेही सहसा थांबवतात. क्रिएटिनिनने मात्र भुलू नका: स्नायू झिजले की ते कमीच दिसते, त्यामुळे ०.९ वरून १.३ झाले तरी ती मूत्रपिंडांच्या कामातली मोठी घसरण समजावी. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करून वहीत लिहा. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. गुडघे दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका. या अवस्थेत मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या द्रव्यांच्या आधारावर तग धरून असतो, आणि ही औषधे नेमका तोच आधार काढून घेतात. लघवी कमी झाली, ताप आला किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.