‘डिग्री-डे’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका : मुंबईत वैद्यकी शिकलेल्या बक रक्स्टन या डॉक्टरवर चाललेल्या खुनाच्या खटल्यावरील एक लेख मी मराठीत आणत आहे. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधील मॉफटजवळच्या घळीत दोन स्त्रियांच्या शरीरांचे तुकडे सापडले आणि त्यांवरील अळ्यांच्या वयावरून मृत्यूचा काळ ताडण्यास मदत झाली. उत्तरार्धात आजची पद्धत सांगताना ‘डिग्री-डे’, म्हणजे अळीला वाढीसाठी रोज मिळणाऱ्या उष्णतेचे माप, हा शब्द सतत येतो. मी ‘उष्मांक-दिवस’ लिहिले, पण उष्मांक म्हणजे कॅलरी, असे सांगून मुद्रितशोधकांनी ते खोडले. ‘तापदिवस’ लिहावे, तर वाचकाला आजारी माणूस आठवेल.

टिपणवही : ‘अंश-दिवस’ लिहावे. समजा, दहा अंशांखाली अळीची वाढ थांबते आणि सरासरी तापमान २४ आहे, तर एका दिवसात १४ अंश-दिवस जमा होतात आणि ७० ची मजल पाच दिवसांत गाठली जाते. सरासरी १७ वर आली, की त्याच वाढीला दहा दिवस लागतात. हा हिशेब शब्दातच दिसला पाहिजे.

रोखठोक : मला हे पटत नाही. वाचक ‘अंश’ म्हटल्यावर भाग समजतो. रुळलेले ‘डिग्री’ सोडून नवा शब्द घडवण्याचा आग्रह कशासाठी?

टिपणवही : हवामानाच्या बातम्यांत ‘४० अंश सेल्सिअस’ आपण रोज वाचतो, तेथे कोणी भाग समजत नाही.

गोठा : मी पशुवैद्य आहे. म्हशीच्या जखमेत टर्पेंटाईनचा बोळा ठेवून चिमट्याने एकेक काढताना गावकरी ज्यांना ‘आसड्या’ म्हणतात, त्या याच. ‘अळी’ म्हटले, की कोबीवरची हिरवी अळी डोळ्यांपुढे येते. नेमका शब्द असताना तो का टाकावा?

रोखठोक : आसडीचे नाते आषाढाशी असावे, माश्यांचा सुकाळ त्याच दिवसांत असतो.

टिपणवही : नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही; ‘ढ’चा ‘ड’ कसा झाला, हे आधी दाखवावे लागेल. शिवाय आसडी हा शब्द शहरी वाचकाला कळणार नाही.

गोठा : छापला नाही, तर कळणार कसा? भिंगाखाली तिच्या मागच्या टोकाला दोन काळसर ठिपके दिसतात, ती श्वासाची छिद्रे. प्रत्येक ठिपक्यात दोन चिरा असल्या तर वाढीची अवस्था दुसरी, तीन असल्या तर तिसरी. अवस्था बदलताना ती कात टाकते, असे आम्ही सरळ म्हणतो.

अनुवादिका : कात मी घेतली. पण पुढे अडले आहे. रेशमाचा किडा धागा काढून कोष विणतो. ही मात्र काहीच विणत नाही, तिचीच शेवटची कातडी आक्रसून, कडक होऊन तपकिरी कवच बनते आणि माशी उडून गेल्यावरही ते रिकामे कवच मागे उरते. त्यालाही ‘कोष’च म्हणायचे का?