औषध कंपनीच्या करारात अमेरिकेचा लाचविरोधी कायदा कशाला? सही करू का?

केळापूरचा_कृषीकेंद्रवाला

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याजवळ आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बाबांनी सुरू केलेलं. बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळंच ठेवतो. एका विदेशी औषध कंपनीची डिस्ट्रिब्युटरशिपही आमच्याकडे आहे. आजूबाजूच्या गावांतल्या दुकानदारांना त्यांचा माल आमच्याच गोडाऊनातून जातो.

यंदा करार रिन्यू करायचा तर इंग्रजीतला भलामोठा गठ्ठा आला. त्यात एक हमीपत्र आहे. अमेरिकेचा १९७७ चा अन् ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा मी पाळीन, माझ्या वतीनं कोणी सरकारी माणसाला काही देणार नाही, कंपनी केव्हाही माझ्या वह्या तपासू शकते, असं लिहून द्यायचं. खाली सही-शिक्का.

आता खरी अडचण सांगतो. मागच्या हंगामात कृषी खात्याचे निरीक्षक औषधाचा नमुना घ्यायला आले होते. याच कंपनीचं औषध काढलं. संध्याकाळी कंपनीच्या टेरिटरी मॅनेजरचा फोन. "साहेबांची व्यवस्था करून टाका, शेतकरी मेळाव्याच्या बिलात लावा, क्रेडिट नोट मी काढून देतो." म्हणजे तेवढे पैसे कंपनी आमच्या खात्यात जमा दाखवणार. बाबा म्हणाले, आपल्याकडे असं होत नाही. नाही दिलं. नमुना पास झाला. यंदा तोच माणूस आतापासूनच म्हणून राहिला, "हंगामाआधीच व्यवस्था लावून ठेवा, सगळेच लावतात." हमीपत्रावर सही मागायलाही तोच येऊन राहिला.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, निरीक्षक महाराष्ट्राचे, पैसा रुपयातला. यात अमेरिका कुठून आली? अन् सही केली तर आम्ही फसतो का?

वरोऱ्याचा_भाऊ

सही मारा अन् मोकळे व्हा. असे कागद सगळ्याच मोठ्या कंपन्या घेतात. अमेरिकेचा माणूस काय पांढरकवड्यात येऊन तुमची खतावणी उघडणार आहे? डिस्ट्रिब्युटरशिप सोडली तर घ्यायला मागे रांग उभी आहे.

हिशेबनीस_हिंगणघाट

केळापूरचे दादा, असं मोकळं होऊ नका. मी कृषी केंद्रांचे आणि डिस्ट्रिब्युटरांचे हिशेब लिहिते. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांतली दुकानं माझ्याकडे आहेत. असले करार माझ्या टेबलावर येतात आणि मालक लोक न वाचता शिक्का उमटवतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

अमेरिका आली ती शेअर बाजारातून. सत्तरच्या दशकात वॉटरगेटची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या प्रकरणाची, चौकशी झाली, तिच्या ओघात तिथल्या शेअर बाजार नियामकाला, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेला, कळलं की कंपन्या गुप्त खात्यांतून पैसे वाटतात. चारशेहून अधिक कंपन्यांनी कबूल केलं, रक्कम तीस कोटी डॉलरच्या वर. त्यातून १९७७ चा कायदा झाला. त्याची एक बाजू सगळ्यांना माहीत असते: धंदा मिळवायला परदेशातल्या सरकारी माणसाला लाच द्यायची नाही, स्वतः नाही आणि मध्यस्थामार्फतही नाही. दुसरी बाजू हिशेबाची. ज्या कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आहेत तिच्या वह्या खऱ्या हव्यात आणि पैसा कोणाच्या हुकमाने, कशासाठी गेला यावर तिचा ताबा हवा. कंपनी अमेरिकनच हवी असंही नाही. इन्फोसिस, विप्रो, एचडीएफसी बँक यांचे शेअर तिथे डिपॉझिटरी रिसीटच्या, म्हणजे मूळ शेअरच्या बदल्यात बँकेने काढलेल्या पावतीच्या, रूपाने विकले जातात, म्हणून त्यांनाही तो लागतो. आणि उपकंपनीची खोटी नोंद मूळ कंपनीच्या हिशेबात जाऊन बसते. मुंबईच्या ऑफिसात चुकीच्या खात्यात टाकलेला रुपया असा न्यूयॉर्कच्या ताळेबंदापर्यंत जातो.

आता आपल्याच धंद्यातलं सांगते. २००७ मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीला या कायद्याखाली ३,२५,००० डॉलरचा दंड झाला. प्रकरण भारतातलं, कीटकनाशकांचं. तिच्या इथल्या उपकंपनीने १९९६ ते २००१ या काळात अंदाजे दोन लाख डॉलर गैरमार्गाने दिले, असं नियामकाचं म्हणणं होतं. त्यातले काही केंद्रीय कीटकनाशक मंडळातल्या अधिकाऱ्याला, औषधांची नोंदणी लवकर व्हावी म्हणून. आणि काही राज्यांतल्या निरीक्षकांना! एका वेळी शंभर डॉलरपेक्षाही कमी, पण पुन्हा पुन्हा. कारणही तुमच्यासारखंच: निरीक्षकाने नमुना खोटाच अप्रमाणित ठरवला तर माल अडकेल ही भीती. डाऊवर ठपका आला तो वह्या खोट्या ठेवल्याचा आणि ताबा न ठेवल्याचा. तेव्हा वरोऱ्याचे भाऊ म्हणतात तसं अमेरिकेचं कोणी इथे यावं लागत नाही.

कापसाचंही ऐका, कारण आपल्याकडे घरोघरी बीटी आहे. मोन्सॅन्टो या अमेरिकन बियाणं कंपनीने इंडोनेशियात पर्यावरण खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला सल्लागारामार्फत ५०,००० डॉलर पोचवले. बीटी कापसासारख्या पिकांना पर्यावरण अभ्यासाची अट होती, ती काढून घ्यावी म्हणून. अट शेवटपर्यंत निघाली नाही. तरी २००५ मध्ये कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले, कारण पैसे दिले होते आणि वहीत ते सल्ल्याची फी म्हणून लिहिले होते. काम झालं की नाही, हा प्रश्नच आला नाही.

तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त ते मेळाव्याचं बिल खुपतं. एका दुकानाच्या फाइलीत मी असं बिल पाहिलं आहे: मंडप, सतरंज्या, चहा-नाश्ता, दीडशे शेतकरी. हजेरीपत्रक नाही, फोटो नाही, आणि तारीख ऐन पोळ्याची. पोळ्याच्या दिवशी बैल सजवायचे सोडून औषध कंपनीच्या मेळाव्याला कोण शेतकरी जाईल? तपासनिसाला विदर्भ माहीत नसला तरी कॅलेंडर माहीत असतं. आणि त्या बिलावर सही मॅनेजरची नसते, दुकानदाराची असते. ते बिल तुम्ही काढलं की खोटा कागद तुमचा. क्रेडिट नोट तुमच्या खात्यावर. जीएसटीचा घोळ वेगळाच.

केळापूरचा_कृषीकेंद्रवाला

ताई, डाऊचं वाचून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पण मॅनेजर म्हणतो, अमेरिकेच्या कायद्यात चहापाण्याला सूट आहे. खरं आहे का? अन् कंपनीवर दंड होतो ते समजलं, आमच्यावर काय?

हिशेबनीस_हिंगणघाट

सूट आहे, पण ती याला नाही. जे काम अधिकाऱ्याला करायचंच आहे, त्यात त्याने हो किंवा नाही ठरवायचं नाही, ते फक्त लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ पैशाला ती सूट आहे. टेलिफोनची जोडणी, टपाल, अशा जातीचं काम. नमुना पास की नापास हा निर्णय आहे. आणि सूट घेतली तरी वहीत ते पैसे त्याच नावाने लिहावे लागतात, मंडपाच्या नावाने नाही. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात ही सूट मुळीच नाही. तिथे कंपनीसाठी काम करणाऱ्या कोणीही धंद्यासाठी लाच दिली की कंपनी दोषी. सुटायचं तर तिला दाखवावं लागतं की आम्ही पुरेसा बंदोबस्त केला होता. तुमच्या हातातलं हमीपत्र हा त्या बंदोबस्ताचाच कागद आहे. उद्या काही निघालं तर कंपनी तो काढून दाखवेल: आम्ही तर या दुकानदाराकडून लिहून घेतलं होतं.

म्हणून हमीपत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. सही करून खोटं बिल काढणं यात तुम्ही एकटे उरता. खरं वागणार असाल तर तोच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

तुमच्यावरचं म्हणाल तर कंपनीच्या वतीने काम करणाऱ्यालाही अमेरिकेचा कायदा नावाने धरतो. पण खेड्यातल्या दुकानदाराला आधी गाठेल तो आपला कायदा. त्यावर वकीलसाहेबांनी बोलावं, ते या ग्रुपवर आहेत.

यवतमाळ_कोर्टातला_वकील

आहे, वाचतोय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ च्या जुलैत मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी देणारा बहुतेक निसटायचा. आता कलम ८ खाली लाच देणं हाच गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवायचं, तरच संरक्षण. आधी कळवून, त्यांच्या सांगण्यावरून दिले तर तो गुन्हाच नाही. सापळा लागतो तो असाच. कलम ९ कंपनीला धरतं, भारतात धंदा करणारी विदेशी कंपनीही त्यात आली. आणि तिच्यासाठी काम करणाऱ्याने दिली तरी ती कंपनीनेच दिली असं धरतात.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. दादा, निरीक्षकांनी स्वतः तुम्हाला काही मागितलं का? तुमच्या लिहिण्यावरून मागणारा मॅनेजर आहे. ते पैसे साहेबांपर्यंत जातात की मध्येच थांबतात, तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. साहेबांचं नाव घेऊन तक्रार करण्याआधी याचा विचार करा. निरपराध माणूस गोवला जाऊ नये.

हिशेबनीस_हिंगणघाट

वकीलसाहेबांचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. आणि हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर पैसे कोणाच्याही खिशात जावोत, बिल खोटंच. कॅडबरीचं उदाहरण घ्या. हिमाचलातल्या बद्दीच्या कारखान्याचे परवाने मिळवायला एजंट नेमला. त्याने अर्ज तयार केल्याची बिलं लावली, अर्ज तर कंपनीच्याच लोकांनी तयार केले होते. २०१७ मध्ये तिच्या मालक कंपनीला, मोंडेलीझला, १ कोटी ३० लाख डॉलर भरावे लागले, तेही वह्या आणि ताबा यावरूनच.

वरोऱ्याचा_भाऊ

ताई, पण ट्रम्पनं तो कायदा थांबवला ना? बातमी होती.

हिशेबनीस_हिंगणघाट

१० फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी १८० दिवस नवीन प्रकरणं थांबवायला सांगितलं. जूनमध्ये सरकारी वकिलांना नवे निकष दिले. कायदा पुस्तकात जसाच्या तसा आहे, तो संसदेनेच काढावा लागतो. लाचेच्या आरोपाला मुदत पाच वर्षांची, तेवढ्यात तिथलं सरकार बदलतं. आणि समजा उद्या अमेरिकेने तो रद्द केला. यवतमाळातलं कलम ८ कुठे जातं?

मला एवढं बोलावंसं वाटतं त्याचं कारण दंड नाही, भाऊ. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, मी ती कोणा एकाच्या माथी मारत नाही. पण बाटलीत काय आहे हे तपासलं जावं म्हणून सरकारने दुकानात नमुना घ्यायला माणूस ठेवला आहे, तो निरीक्षक. त्याचा नमुना विकत घ्यायची पद्धत पडली, तर पंप पाठीवर बांधून सरीत उतरणाऱ्या माणसाकडे भरवसा ठेवायला उरतं काय?

केळापूरचा_कृषीकेंद्रवाला

पटलं ताई. आमच्या गावचाही एक जण त्या साली मेडिकल कॉलेजात होता. आता बाबांचा प्रश्न: पैसे नाही दिले अन् नमुना नापास झाला, तर दुकान बंद होईल का?

यवतमाळ_कोर्टातला_वकील

बाबांना सांगा, भिऊ नका. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. नमुन्याचे तीन भाग होतात, एक सीलबंद भाग तुमच्याकडेच राहतो. तो कपाटात नीट ठेवा. अहवाल विरोधात आला तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवून त्याला आव्हान देता येतं, मग नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. आणि कलम ३० मध्ये दुकानदाराला बचाव आहे: माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा विक्रेत्याकडून घेतला, खराबी आहे हे माहीत नव्हतं आणि नेटकं लक्ष देऊनही कळलं नसतं, माल जसा आला तसाच नीट ठेवला. म्हणजे खरेदीची बिलं, बॅच नंबर, साठा रजिस्टर. खतांच्या पोत्यांशेजारी उन्हात बाटल्या ठेवल्या असतील तर हा बचाव लंगडा पडतो.

केळापूरचा_कृषीकेंद्रवाला

साठा रजिस्टर बाबा रोज लिहितात, त्यात आमची पिढी कमी पडेल. मग आता सही करू, पण मॅनेजरच्या फोनचं काय करू? कंपनीला कळवलं तर तोच माणूस आमचा माल अडवेल.

हिशेबनीस_हिंगणघाट

त्याच्यामार्फत कळवू नका. हमीपत्राच्या शेवटच्या पानांत तक्रारीचा ईमेल किंवा हेल्पलाइन असते, बहुतेक मुख्य कार्यालयाची. मराठीत लिहिलं तरी चालतं, त्यांना भाषांतर करून घ्यावं लागतं. फक्त घडलेलं लिहा: कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवरून, काय म्हणाला, तुम्ही काय उत्तर दिलं. साहेबांबद्दल अंदाज लिहू नका. आधी ईमेल पाठवा, पोच येऊ द्या, मग सही करा आणि सहीच्या वर लिहा की अमुक तारखेला तक्रार कळवली आहे. यानंतर मेळावा घ्याल तर खरा घ्या: हजेरी, फोटो, मंडपवाल्याला बँकेतून पैसे.

यवतमाळ_कोर्टातला_वकील

आणि कोणत्याही सरकारी माणसाने स्वतः मागितलं तर देण्याआधी १०६४ ला फोन करा, तो लाचलुचपत विभागाचा टोल फ्री नंबर आहे. यवतमाळातही त्यांचं कार्यालय आहे. फोन रेकॉर्ड केला असेल तर तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, पुरावा म्हणून मूळ यंत्र लागतं. ईमेल पाठवायच्या आधी कच्चा मसुदा मला दाखवायचा असेल तर कोर्टाच्या वेळेनंतर या. येताना कराराची पूर्ण प्रत आणि मागच्या नमुन्याची पावती आणा.

केळापूरचा_कृषीकेंद्रवाला

सोमवारी येतो साहेब. बाबाही येतात म्हणून राहिले, रजिस्टर घेऊन.