आधी अल्टरनेटरचे कार्बन तपासा, मग नव्याचा विचार

जुन्या टाटा ४०७ ट्रकचं चार्जिंग कमी झालं की थेट नवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) टाकावा, असा सल्ला दिला जातो; मी त्याच्याशी सहमत नाही. अशा वेळी बहुतेकदा कार्बन (आतले झिजणारे ब्रश), बेअरिंग किंवा कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेलेलं असतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते स्वस्तात बदलून देतो. आधी बेल्टचा ताण आणि अर्थिंग बघा. इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले, तर अल्टरनेटरला हात लावू नका.

अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप (हवा ओढून ब्रेकला जोर देणारा पंप) असेल, तर त्याचं सील नक्की तपासा. तिथून ऑइल आत झिरपत असेल, तर नवे कार्बनही टिकत नाहीत. शिवाय ब्रेकची ताकद त्याच पंपावर, त्यामुळे तिथे काटकसर अजिबात नको. वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळालं असेल किंवा बेअरिंगची बैठक झिजली असेल, तर मात्र कंपनीचा नवाच घ्या.