गोड काय आहे आणि टीव्हीवर काय लावलंय?

मंडळी, रात्रीची जेवणं उरकली की आमच्याकडे हेच दोन प्रश्न असतात. तुमचं आवडतं डेझर्ट सांगा, घरचं आणि हॉटेलातलं दोन्ही, आणि ते खाताना काय बघता तेही लिहा. सुरुवात मीच करते. घरचं म्हणाल तर कॅरॅमल पुडिंग, त्याला तोड नाही. साखर कोरड्या भांड्यात मंद आचेवर ठेवायची, चमचा घालायचा नाही, भांडंच हलवत राहायचं, आणि छान तांबूस रंग आला की लगेच साच्यात ओतायची कारण तिथून पुढे करपायला काही सेकंदच लागतात. दूध-अंड्याचं मिश्रण गाळून घ्यायचं आणि वाफवताना पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर आत जाळी पडते. संध्याकाळी करून फ्रिजमध्ये टाकलं की सिरीयलच्या ब्रेकमध्ये ताटली साच्यावर ठेवून उलटं करायचं, कडेने कॅरॅमल ओघळायला लागतं तेव्हा घरातला एकही माणूस टीव्हीकडे बघत नसतो!

—

माझं मत जरा वेगळंय. घरचं गोड टीव्हीसमोर ठीक, पण हॉटेलात गेलो की मी मुद्दाम असं मागवतो जे थांबून राहूच शकत नाही, म्हणजे सुफ्ले, ओव्हनमध्ये फुगवलेलं अंड्याचं हलकं गोड. फेटलेल्या अंड्यांतली हवा ओव्हनमध्ये तापून फुगते आणि बाहेर आल्यावर गार होऊन आकसते, म्हणून ते टेबलावर येईपर्यंतच खाली बसायला लागतं. बऱ्याच ठिकाणी ऑर्डर जेवणाच्या सुरुवातीलाच विचारतात ती त्यासाठीच. क्रेम ब्रूलेचंही (कस्टर्डवर जाळलेल्या साखरेचा थर) तसंच, वरची साखर जाळल्या जाळल्या चमचा मारला तर कडकन फुटते, थोड्या वेळाने ओलावा ओढून मऊ पडते. अशा पदार्थासमोर टीव्ही नकोच, अगदी आवडता शो असला तरी.

—

मी कुकिंग शोवाली! मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सीझनला, २००९ मध्ये, पेस्ट्री शेफ एड्रियानो झुंबोने स्पर्धकांना क्रोकेंबुश करायला लावला होता तो एपिसोड कुणी बघितलाय का? क्रीम भरलेले छोटे पफ गरम कॅरॅमलमध्ये बुडवून एकावर एक चिकटवत उंच मनोरा करायचा, कॅरॅमल गार झालं की चिकटत नाही आणि फार गरम असलं तर बोटं भाजतात. तो बघितल्यापासून मला हॉटेलात प्रॉफिटरोल, म्हणजे तसेच क्रीमचे पफ, दिसले की राहवत नाही. घरी मी मनोरा वगैरे करत नाही, पफ करते, क्रीम भरते आणि वर गरम चॉकलेट सॉस. ओव्हनमधून काढल्यावर प्रत्येकाला सुरीने बारीक भोक पाडा म्हणजे आतली वाफ जाते आणि ते लुळे पडत नाहीत.

—

कुकिंग शोचा विषय निघालाच आहे तर ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ ही बेकिंगची स्पर्धा, २०१० पासून चालू आहे आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. कारण एकच, तिथे स्पर्धक एकमेकांना मदत करतात. २०१४ चा बेक्ड अलास्काचा (केकवर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग म्हणजे साखर घालून फेटलेलं अंड्याचं पांढरं, आणि मग ओव्हनमध्ये) एपिसोड आठवतो का, एकाचं आइस्क्रीम सेट झालं नाही आणि त्याने सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, मला फार वाईट वाटलं होतं. आमच्या घरी त्यावर तेव्हा केवढी चर्चा! मुलगी विचारत होती की ओव्हनमध्ये आइस्क्रीम वितळत कसं नाही. मेरिंगमध्ये हवेचे बुडबुडे असतात ना, आणि खाली केकचा थर, त्यामुळे उष्णता आत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात वरून लाली येते आणि बाहेर काढायचं. फक्त आइस्क्रीम दगडासारखं घट्ट हवं.

—

जेली करणाऱ्यांसाठी एक, ताजा अननस घालू नका. त्यातलं ब्रोमेलिन जिलेटिन तोडतं, रात्रभर ठेवलं तरी पाणीच राहतं. डब्यातला चालतो कारण तो तापवलेला असतो.

—

आम्ही मॅचवाले लोक, हाफटाइमला जेवढं होईल तेवढंच. व्हॅनिला आइस्क्रीमवर गरम एस्प्रेसो ओतायची, अफोगातो तयार, आणि पटकन खायचं.

—

तिरामिसू कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या मते टीव्हीसाठी याच्यासारखं दुसरं नाही, कारण हे आदल्या दिवशी केलं तरच चांगलं लागतं. लेडीफिंगर बिस्किटं गार कॉफीत बुडवली की लगेच उचलायची, रेंगाळलात तर लगदा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये मस्करपोनेचा (मऊ इटालियन चीज) ओलावा बिस्किटांत मुरतो आणि दुसऱ्या दिवशी चमचा आरपार जातो. सीझन फिनाले असला की आम्ही आधीच करून ठेवतो, मग मधे कुणाला किचनमध्ये उठावं लागत नाही. वरून कोको मात्र वाढतानाच चाळायचा, आधी घातला तर भिजून काळपट होतो. हॉटेलात मागवते तेव्हा आधी कोकोच बघते, कोरडा असेल तर समजायचं की आत्ता घातलाय.

—

वरच्या सगळ्यांना धन्यवाद, पफला भोक पाडायचं उद्याच करून बघणार. माझ्याकडून बेक्ड चीजकेक. कडा सेट झाल्या आणि मधला भाग हलवल्यावर थोडा थरथरतोय असं दिसलं की ओव्हन बंद करा, दार किंचित उघडं ठेवा आणि केक आतच राहू द्या, एकदम गार हवेत आणला तर वर भेग पडते. तासाभराचा एक एपिसोड होतो तेवढ्यात. मग फ्रिजमध्ये, आणि कापायचा दुसऱ्या दिवशी, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून. बिनअंड्याचा कुणी करत असेल तर प्रमाण लिहा ना, आमच्याकडे सासूबाई अंडं खात नाहीत आणि त्यांना चीजकेक खायचाच आहे.