सीएलटी भिंतीच्या सांध्यातलं ‘कर्तन बल’

विचारणा: सीएलटी, म्हणजे आडव्या-उभ्या थरांच्या चिकटवलेल्या लाकडाच्या भिंतींवरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘शिअर फोर्स’ला कर्तन बल लिहिलं. पण दोन पॅनेलांच्या उभ्या सांध्यात काही कापलं जात नाही, ती एकमेकांलगत वर-खाली सरकू पाहतात. मग ‘सरक बल’ लिहू का? शिवाय मूळ मजकुरात आकडा कुठे किलोन्यूटनमध्ये, कुठे किलोन्यूटन प्रति मीटरमध्ये. दोन्ही कर्तन बलच?

उत्तर: कर्तन बलच ठेवा. ‘कात्री’ हा शब्दही ‘कापणे’ अर्थाच्या त्याच संस्कृत क्रियाधातूतला, आणि कात्रीची पातीसुद्धा लगटून उलट दिशांनीच जातात. ‘सरक’ राखून ठेवा. सांधा किती मिलिमीटर हलला ते सांगायला लागेल.

एककांचं मात्र जपून. समजा प्रत्येकी 1.25 मीटर रुंद, 3 मीटर उंच अशी दोन पॅनेलं शेजारी उभी आहेत, भिंतीची दोन्ही टोकं पायाशी जखडलेली, माथ्यावर आडवं बल 40 किलोन्यूटन. लांबी 2.5 मीटर, म्हणून 16 किलोन्यूटन प्रति मीटर. हे ‘दर मीटरी कर्तन’. आडव्या छेदावर जेवढं, तेवढंच उभ्या छेदावर. नाहीतर मधला तुकडा फिरूच लागेल. सांध्याची उंची 3 मीटर, म्हणजे सांध्यावर एकूण 48 किलोन्यूटन. पडताळा घ्या: एका पॅनेलच्या वाट्याचे 20 गुणिले 3 मीटर उंची म्हणजे 60, हे पॅनेलला उलथवू पाहतं; आणि 48 गुणिले 1.25 मीटर रुंदी म्हणजेही 60, हे त्याला धरून ठेवतं. जमलं. (भिंतीचं वजन धरलेलं नाही.) एक स्क्रू 4 किलोन्यूटन पेलत असेल तर 12 स्क्रू, साधारण 250 मिलिमीटरवर एक.

नुसतं ‘कर्तन बल’ लिहिलंत तर वाचणारा 40 धरेल आणि स्क्रू दहाच लावेल. ‘उभ्या सांध्यातलं’ हे विशेषण गाळू नका.

आणखी एक: हे गणित सांधा घट्ट असेल तरच. ढिला असेल तर प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे डोलतं. भूकंपासाठी डिझाइन करणारे मुद्दाम या सांध्याला थोडं सरकू देतात, कारण स्क्रू वाकताना ऊर्जा जिरवतात. लाकूड मात्र एकदम तडकतं. तेव्हा सांधा असा सरकला तर ‘सांधा निकामी झाला’ असं लिहू नका.

विचारणा: ‘अपरूपण’ कसा वाटतो?

उत्तर: हिंदीत रुळलाय. मराठीत कर्तनच बरं, साइटवर तर सगळे ‘शिअर’च म्हणतात.